फाटकापाशी वाजणारा आवाज

काका, तो आवाज सापडला.

हे एवढं वाक्य ऐकण्यासाठी तुम्ही कितीतरी शनिवार माझ्या गॅरेजच्या बाकावर बसून काढले. आता मी ते म्हणतो आहे आणि बाकावर तुम्ही नाही. परवा तुमच्या लेकीनं, सुनंदाताईंनी, मला तुमच्या फोटोसमोर नेऊन उभं केलं. "मले सांगून झालं भाऊ, आता त्यांना सांगा," असं म्हणाल्या आणि दार ओढून घेऊन बाहेर गेल्या. मी उभा राहिलो. हार ताजा होता. माझे हात काळे होते, ते मी पाठीमागे धरले. तुम्ही फोटोतही थोडे वाकून, कान पुढे करून बसला आहात. तिथं बोलायचं राहून गेलं, ते इथं लिहितो.

आवाज तुम्ही तोंडानं सांगत नसत. तुमच्या गाडीच्या बॉनेटवर बोटातली अंगठी एकदा आपटायची आणि माझ्याकडे बघायचं.

"बस, एवढंच. एकदाच वाजते गा प्रभाकर. कट्ट. मग काही नाही."

"टॅपेट असेल काका."

"टॅपेट एकदा बोलून गप्प बसते काय? टॅपेट बडबड्या असते. हा एक शब्द बोलते अन् तोंड मिटते."

मी हसलो होतो. सगळी नोकरी तार ऑफिसात झालेला माणूस, कट्ट-कडकट्ट ऐकून त्यातून लोकांची लग्नं आणि मरणं कागदावर उतरवणारा. तुम्हाला सगळीकडे तेच ऐकू येत असणार, असं मला वाटलं. तुम्ही म्हणायचे, "कानानं पोट भरलं मी. तुले काय वाटते, निवृत्त झालो म्हणून कान पण निवृत्त झाले?"

पहिल्यांदा मी खरोखर शोधलं, हे मला तुम्हाला सांगायचं आहे. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटची फट मोजली. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवून मूठ कानाला लावली आणि एकेका जागी ऐकत गेलो. प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. पाण्याचा पंप बघितला, पंखा बघितला, सायलेन्सरचे पट्टे आवळले. ज्या रबरी बैठकीवर इंजिन बसलेलं असतं, तिला आम्ही फौंडेशन म्हणतो, तिच्यावरची धूळही फडक्यानं पुसली आणि इंजिन वरून दाबून बघितलं. हललं नाही. मग तुम्हाला शेजारी बसवून गॅरेज आहे त्या सदर भागातल्या रस्त्यांवर गाडी फिरवली. गाडी मजेत चालली. तुम्ही ओशाळून बसलात, पाहुण्यांसमोर पोरगं पाढे म्हणत नाही तेव्हा बाप बसतो तसे.

"आता नाही वाजून राहिलं," तुम्ही म्हणालात. "तू घरी ये. तिथं वाजते. फाटकापाशी."

"येतो काका."

"येतो येतो म्हणते तू अन् येत नाही. चहा पाजीन गा, विष नाही पाजत."

मी आलो नाही. सदरहून तुमचं टेकडीवरचं घर किती लांब? सायकलनं घाम यायच्या आत पोचतो माणूस. पण मी आलो नाही, कारण आवाज खरा आहे असं मला वाटतच नव्हतं. काकू गेल्या, सुनंदाताई छिंदवाड्याला, घर मोठं, आणि तुम्ही त्यात एकटे. मी मनाशी ठरवून टाकलं की काकांना आवाज येत नाही, काकांना करमत नाही.

अशी गिऱ्हाइकं प्रत्येक गॅरेजला असतात. त्यांच्यासाठी आमची एक रीत आहे. बॉनेट उघडायचं, आधीच घट्ट असलेल्या नटावर पाना लावायचा, दात-ओठ खाऊन जोर केल्यासारखं करायचं, पाना हवेतच थोडा फिरवायचा आणि बॉनेट दणकन आपटायचं. "घ्या, आता बघा." याला आम्ही समाधान करून देणं म्हणतो. मी तुमचं समाधान करून देत होतो. त्याचे पैसे मी घेत नव्हतो, म्हणून ते मला खोटं वाटत नव्हतं. उलट आपण म्हाताऱ्या माणसाशी चांगलं वागतो आहोत, असंच वाटत होतं.

पुढच्या शनिवारी तुम्ही यायचे, खिशातल्या पुडीतले फुटाणे बाकावर ओतायचे आणि म्हणायचे, "कमी झालं गा." मग थोडं थांबून, अंगठी बॉनेटवर हळूच टेकवून, "पण आहे."

आज मला वाटतं, "कमी झालं" हे तुम्ही माझ्यासाठी म्हणत होता. तुम्हीही माझं समाधान करून देत होता.

तुमचा माझ्यावर हक्क होता आणि तो तुम्ही कधी वापरला नाही. माझे वडील गेले त्या दुपारी मी फौजेतल्या धाकट्या भावाला तार करायला निघालो होतो. वाटेत तुम्ही भेटलात. मी कागदावर लिहिलेलं तुम्ही वाचलं आणि घडी करून माझ्याच खिशात घातलं. "बाप गेला असं तारेत नको लिहू. ताबडतोब नीघ, एवढंच लिही. पोरगं एकटं असंल तिथं, अन् कागदाले हात नसतात खांद्यावर ठेवाले. तू स्टेशनवर जा अन् तोंडानं सांग." मी स्टेशनवर गेलो. गाडीतून उतरलेल्या भावाला मीच धरलं. तुमच्यामुळे धरता आलं. इतकी वर्षं हा प्रसंग मी कोणाकोणाला सांगितला असेल, पण तुमच्या घरी एकदा यावं, एवढं काही त्यानं मला सुचवलं नाही.

मग त्या उन्हाळ्यातली ती सकाळ. तुम्ही शनिवार नसताना आलात, तेही गाडी ओढून आणवून. पुढचा दिवा फुटलेला, बंपर आत गेलेला, मडगार्ड चाकाला टेकलेलं. तुमच्या हाताला खरचटलं होतं आणि तुम्ही बाकावर बसला नाहीत.

"फाटकापाशी थांबलो होतो, रोजच्यासारखा," तुम्ही सांगितलंत. "रस्ता पाहिला. गाडी उचलली, अन् ती उडालीच. समोरच्या दगडी भिंतीवर. शंकर दूध घेऊन येऊन राहिला होता. त्यानं सायकल टाकली अन् उडी मारली म्हणून वाचला. सायकल चाकाखाली गेली प्रभाकर. तो गेला असता."

मी फुटलेल्या दिव्याकडे बघत होतो.

"मी पाय काढला होता गा. खरं सांगतो. रेसवरचा पाय काढला, अन् गाडी आणखीन जोरात गेली."

काका, त्या क्षणी तुम्ही मला सगळं सांगितलं होतं. कोणताही मेकॅनिक ज्या वाक्यावरून उठून पहार हातात घेईल, ते वाक्य. पण मी अशी वाक्यं खूप ऐकली होती. भिंतीवर गाडी घातलेला प्रत्येक माणूस म्हणतो की मी पाय काढला होता, ब्रेक दाबला होता.

"सगळे असंच म्हणतात काका," मी म्हणालो. "आपल्याला वाटतं पाय ब्रेकवर आहे. तो असतो रेसवर. घाबरून माणूस आणखी दाबतो."

"असं होते?"

"होतं."

तुम्ही खाली आपल्या पायाकडे बघितलं. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट होते, एकाची नाडी सुटलेली. "म्हणजे माह्याच पायाची गोष्ट मले नाही कळली," तुम्ही म्हणालात.

"वय झालं काका. आता गाडी बस करा."

हे मी हसून म्हटलं. खांद्यावर हातही ठेवला.

मी दिवा बदलला, बंपर सरळ केला, मडगार्ड ठोकून रंगवलं. जे मोडलेलं दिसत होतं ते सगळं चांगलं केलं. गाडी तुमच्या घरी पोचवायलाही दुसऱ्यालाच पाठवलं. त्यानंतर तुमचे शनिवार बंद झाले. गाडी नाही तर गॅरेजला येणार कशाला? एकदा सदरच्या बाजारात तुम्ही सायकल रिक्षात दिसलात, मांडीवर पिशवी, हातात छत्री. मी एका गिऱ्हाइकाच्या जीपमध्ये होतो. तुम्ही हात वर केला, मीही केला. सिग्नल वगैरे काही नव्हता, थांबता आलं असतं. थांबलो नाही. त्यानंतर दिवाळीच्या तोंडावर तुम्ही गेल्याचा निरोप आला.

घाटावर मी आलो होतो. लोक बोलत होते, शेवटी शेवटी फार गप्प झाले होते, घराबाहेरच पडत नव्हते. मी मान हलवत होतो.

सगळे विधी आटोपल्यावर सुनंदाताईंचा निरोप आला. गाडी छिंदवाड्याला नेतो आहोत, बॅटरी उतरली आहे, येऊन चालू करून द्या. जावई मोटार चालवणार होते, सोबत ताई आणि दोन्ही मुलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. मी बॅटरी घेऊन आलो. काका, तुमच्या घरी मी तेव्हा पहिल्यांदा आलो.

आणि आल्याआल्या पाहिलं की तुमचं अंगण रस्त्याच्या खाली आहे. गाडी बाहेर काढायची तर चढावरून वर घ्यावी लागते आणि फाटकाच्या खांबांमुळे रस्ता दिसत नाही, म्हणून चढावरच थांबावं लागतं. थांबून पुन्हा पहिल्या गिअरमध्ये उचलावी लागते. माझं गॅरेज सपाट, सदरचे रस्ते सपाट. मी तुमची गाडी कधी चढावरून उचललीच नव्हती. हे मला कळलं, पण नुसतं कळलं. अंगावर काटा आला नाही. तो नंतर आला.

बॅटरी बसवली. गाडी लगेच सुरू झाली. म्हटलं, बाहेर एक चक्कर मारून आणू. चढावर घेतली. फाटकापाशी थांबलो. एक बाई डोक्यावर मोळी घेऊन रस्त्यानं जात होती, तिला जाऊ दिलं. मग क्लच सोडत रेस दिली.

कट्ट.

एकदाच. तुमच्या अंगठीचा होता तेवढाच, तसाच कोरडा. आणि गाडी उडाली. मी पाय काढला. काका, मी पाय काढला आणि इंजिन आणखी ओरडलं. भिंतीचे दगड मोठे मोठे होत आले. माझा डावा पाय आपोआप क्लचवर गेला, एवढ्या वर्षांची सवय म्हणून. चाकांचा जोर तुटला, मी ब्रेक दाबला, इंजिन घरंगळल्यासारखं खाली बसलं आणि गप्प झालं. भिंत आणि बंपर यांच्यात एक वीत उरली होती. मोळीवाली बाई वळून बघत होती.

सुनंदाताई फाटकात धावत आल्या.

"काय झालं भाऊ? पाय घसरला काय?"

मी म्हणालो, "हो."

हे मला तुमच्यापासून लपवायचं नाही. माझ्या तोंडातून "हो" गेलं. मला त्याच वेळी सगळं कळलं होतं. डाव्या बाजूचं फौंडेशन तुटलं होतं. तुटलेलं रबर इंजिनाच्या वजनानं जागच्या जागी बसून राहायचं, म्हणून वरून दाबून बघितल्यावर ते शाबूत वाटलं. चढावर जोर पडला की इंजिन त्या बाजूनं वर उठायचं. आणि रेसच्या पायाकडून निघालेली लोखंडी सळई इंजिनाला जोडलेली, त्यामुळे इंजिन वर उठलं की तेच ती सळई ओढायचं. पाय असो की नसो. जेवढी रेस वाढेल तेवढं इंजिन वर, जेवढं इंजिन वर तेवढी रेस. कट्ट हा आवाज वर उठणाऱ्या इंजिनाचा होता. तो खूप दिवस नुसता सूचना देत होता आणि मी हवेत पाना फिरवत होतो.

ताई म्हणाल्या, "बाबांचंही असंच झालं होतं." त्यांचा हात अजून छातीवर होता. "मीच येऊन किल्ली काढून घेतली होती त्यांच्याकडून. म्हटलं, बाबा, तुम्ही कोणाचा तरी जीव घ्याल. फार बोलले मी त्यांना. ते म्हणून राहिले होते, मी पाय काढला होता, मी पाय काढला होता. मी म्हटलं, गॅरेजवाले भाऊ पण सांगतात, वय झालं."

आता माझ्यापुढं दोन वाटा होत्या. गुपचूप फौंडेशन बदलून द्यायचं. गाडी नीट होईल, मुलं सुखरूप पोचतील, कोणाला काही कळणार नाही. पण तुम्ही कायमचे तो म्हातारा राहाल ज्याला स्वतःचा पाय कळला नाही. किंवा खरं सांगायचं. मग या बाईला कळेल की ती आपल्या बापाला विनाकारण बोलली आणि आता माफी मागायला बाप नाही. मी स्वतःला सांगत होतो, तिला कशाला दुखवायचं, तिचं भलं कशात आहे ते बघ. ते अगदी समाधान करून देतानाचंच बोलणं होतं. ओळखीचं वाटलं म्हणून मला त्याची भीती वाटली.

स्टेशन आठवलं. तोंडानं सांग, तुम्ही म्हणाला होतात.

"ताई, माझा पाय घसरला नाही," मी म्हणालो. "खोटं बोललो. तुम्हाला एक दाखवतो. मुलांना आत ठेवा."

गाडी अंगणात मागे आणली. चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, बॉनेट उघडलं. ताईंना बाजूला, इंजिन दिसेल असं उभं केलं. मी आत बसलो, माझ्या बाजूचं दार सताड उघडं ठेवलं. पहिला गिअर टाकला, थोडी रेस दिली आणि क्लच अर्ध्यावर सोडला. गाडी दगडांवर दबली. कट्ट. इंजिन एका बाजूनं वर आलं, तव्यावरची भाकरी फुगून उठते तसं. ते ओरडायला लागलं, आणि मी माझा उजवा पाय दाराबाहेर काढून हवेत धरला.

ताई आधी इंजिनाकडे बघत होत्या. मग माझ्या पायाकडे. मग पुन्हा इंजिनाकडे. पाय हवेत, आणि इंजिन ओरडतच होतं. मी क्लच दाबला तेव्हा ते खाली बसलं.

मी गाडी बंद केली. आत मुलं काहीतरी भांडत होती तेवढंच ऐकू येत होतं.

"म्हणजे बाबा खरं सांगून राहिले होते," ताई म्हणाल्या.

"हो."

"तुम्हाले सांगितलं होतं त्यांनी? हे असं, पाय काढला म्हणून?"

"सांगितलं होतं. आवाजाचंही सांगितलं होतं, कितीदा तरी. घरी येऊन ऐक म्हणायचे. मी आलो नाही."

"काहून?"

उत्तर होतं, पण ते तुमच्या मुलीच्या तोंडावर म्हणवत नव्हतं. तरी म्हटलं. "मला वाटलं, त्यांना करमत नाही म्हणून बोलावतात."

ताई चढावरच खाली बसल्या. मला वाटलं रडतील. त्या रडल्या नाहीत. पदरानं हात पुसत राहिल्या, हातांना काही लागलेलं नसताना. "करमत तर नव्हतंच त्यांना," त्या म्हणाल्या. "दोन्ही खरं होतं ना भाऊ. करमतही नव्हतं, अन् गाडीही वाजून राहिली होती. आपण एकच धरलं."

"आपण" म्हणाल्या. मला एकट्याला त्यांनी ठेवलं नाही. तुमची मुलगी आहे.

मी मोमिनपुऱ्यातल्या जुन्या सामानाच्या दुकानांतून फौंडेशन शोधून आणलं आणि तुमच्या अंगणातच गाडीखाली शिरलो. गॅरेजला नेलं नाही. तिथं न्यायची हिंमत नव्हती आणि गाडी त्या चढावरून पुन्हा तशीच न्यायचीही. जुनं फौंडेशन हातात आलं तेव्हा ते दोन तुकडे होते. मधलं रबर तुटून तुटून गुळगुळीत झालं होतं. खालून पहार लावून नुसतं एकदा उचललं असतं तर कळलं असतं. मी वरून दाबून बघितलं होतं.

मी खाली असतानाच शंकर गवळी दुपारचं दूध घेऊन आला. त्याचे पाय आणि सायकलचं चाक मला दिसत होतं. ताईंनी त्याला थांबवलं.

"शंकरभाऊ, बाबांचा पाय घसरला नव्हता त्या दिवशी. गाडीच खराब होती."

सायकल स्टँडवर लागल्याचा आवाज आला. "काय म्हणता ताई?"

"गाडी आपोआप पळाली. आत्ता पाहिलं मी, माह्या डोळ्यानं."

मी गाडीखालून बाहेर आलो. शंकर डब्याच्या झाकणावर हात ठेवून उभा होता.

"मी तं त्यांले दुसऱ्याच दिवशी म्हटलं होतं, बाबूजी, झालं गेलं, सोडा," तो म्हणाला. "पण ते रोज सकाळी फाटकात उभे राहत. मी आलो की दूध नंतर, पहिले माह्या पायाकडं पाहत. 'लागलं तं नाही ना गा कुठं?' रोज. मी म्हणो, बाबूजी, इतके दिवस झाल्यावर कुठून लागंल? तं हसत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "मंग हे रोज उगाचच होतं काय? कोणाची चूक होती?"

"माझी," मी म्हणालो.

तो मला नीट न्याहाळत राहिला. शिवी देईल असं वाटलं आणि दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं माप काढलं, ताईंच्या भांड्यात दूध ओतलं आणि सायकल उचलली. "मोहल्ल्यात सारे म्हणत, बाबूजी सठियाले, बुद्धी चळली," तो जाता जाता म्हणाला. "मी पण म्हणत होतो. आता घरोघरी दूध देऊन राहिलो, तं सांगत जातो." मग फाटकातून वळून मला म्हणाला, "तुम्ही पण सांगा जरा."

त्यानंतर ताईंनी मला तुमच्या फोटोपाशी नेलं. तिथं मी गप्प राहिलो, ते वर लिहिलंच आहे. शंकरपुढं एक शब्द निघाला, तुमच्यापुढं तोही नाही. फोटोतल्या त्या पुढे केलेल्या कानाची मला लाज वाटली.

बाहेर आलो तर उन्हं कलली होती. गाडी तपासायची राहिली होती. मी एकटाच बसलो, चढावर घेतली आणि फाटकापाशी, तुम्ही थांबत होता तिथंच थांबलो. समोर ती भिंत. भिंतीवर अजून तुमच्या मडगार्डाचा राखाडी रंग लागलेला आहे. रस्ता मोकळा होता तरी मी बराच वेळ क्लच सोडला नाही. मग सोडला, पूर्ण जोर देऊन, जेवढा चढावर द्यावा लागतो तेवढा. कान लावून बसलो होतो, तुम्ही बसत असाल तसा.

आवाज आला नाही. गाडी मऊ उचलली, रस्त्यावर आली. मी पाय काढला, ती थांबली.

पुन्हा खाली नेली, पुन्हा वर आणली. कितीदा केलं कोण जाणे. मुलं ओट्यावर बसून हसायला लागली, हे काका काय खेळून राहिले म्हणून. दर वेळी मी पाय काढत होतो आणि दर वेळी गाडी थांबत होती. छिंदवाड्याच्या वाटेवरच्या सिल्लेवानीच्या घाटात वळणावळणाला गाडी अशीच उचलावी लागणार होती. दुसऱ्या दिवशी ताईंचा निरोप आला, सगळे सुखरूप पोचले. वाटेत सावनेरला चहा घेतला, तेव्हा जावयांनी विचारलं म्हणे, गाडी इतकी चांगली आहे तर बाबांनी सोडली कशाला? ताईंनी त्यांना सगळं सांगितलं.

परवा तुमच्यापुढं जे म्हणायला पाहिजे होतं ते फार थोडं आहे. तुम्ही तारेत बसवलं असतं.

काका, तुमचा पाय घसरला नव्हता. तुम्ही तो काढला होता.